ज्या कागदावर काकी नव्हती

मी मालवणात हायस्कूलवर शिक्षक आहे. गाव आमचं आत, फोंडाघाटच्या अलीकडे. तिथे डोंगराच्या उतारावर आमची काजूची सामायिक जमीन आहे आणि उतार संपतो तिथे एक झर, बारमाही वाहणारा लहानसा झरा. त्या झरीच्या पाण्यावर माझी काकी वायंगण करायची. पावसाळी भात कापून झालं की त्याच खाचरात उन्हाळी भात. बांधाच्या कडेने लाल माठ आणि मुळा. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवाळी सरली की काकी खोरं घेऊन झरीपासून खाचरापर्यंतचा पाट एकटी साफ करायची.

एका रविवारी मी गावी असताना एका खाणकंपनीचा माणूस घरी आला. शांत, नम्र, हातात फाईल. आमच्या डोंगरात खनिज आहे का ते पाहण्यासाठी बोअर मारायचे होते. "वरची जमीन तुमची, खालचं खनिज सरकारचं," तो म्हणाला. "आम्हाला फक्त आत जायला तुमची संमती लागते. चाचणी झाली की भोकं बुजवून जाऊ."

मुंबईच्या चुलतभावांनी आधीच सह्या केल्या होत्या. काकाचं नाव सातबाऱ्यावर तसंच होतं. त्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "यांना मुलं?"

"नाहीत."

"मग अडचण नाही. तुम्ही कुटुंबप्रमुख म्हणून सही करा."

काकी आत चहा करत होती. चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "झरीच्या पाण्याक काय होवचा नाय मां?"

"काय होवचा नाय. बारकी भोकां मारतत, दगड बघतत नि जातत."

"तू वाचलंस मां? मग झाला."

मी वाचलं नव्हतं. तीन पानं होती. पहिलं वाचलं, उरलेली चाळली आणि सही केली. शाळेत मुलांना मी कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून सांगतो.

मशीन महिनाभर होतं. काजूची काही झाडं रस्त्यासाठी गेली. आतून काढलेले दगडाचे लांब दांडे पत्र्याच्या पेट्यांत ओळीने भरून ते घेऊन जात. भोक ढासळू नये म्हणून त्यात पातळ चिखल सोडत. एका सकाळी काकीचा फोन आला. "पाणी धवा इला," ती म्हणाली. मी गेलो तेव्हा झरीतून ताकासारखं पाणी येत होतं आणि खाचरात रोपांच्या बुडाशी पांढरा थर बसला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, चार दिवसांत निवळेल. निवळलंही. पण धार बारीक झाली ती झालीच, आणि शिमग्यापर्यंत झर आटली. भात पोटरीला आलं होतं. ते उभ्या उभ्या वाळलं.

मी तक्रारअर्ज लिहिला. काकीच्या नावाने, कारण नुकसान तिचं होतं. सुनावणीला आम्ही ओरोसला जिल्हा कचेरीत एसटीने गेलो. काकीने त्या पांढऱ्या पाण्याची बाटली पिशवीतून नेली होती. गाळ तळाशी बसून वरचं पाणी आता स्वच्छ दिसत होतं.

साहेब सौम्य होते. त्यांनी सातबारा पाहिला. "आजी, यावर तुमचं नाव कुठे आहे?"

"नावाचा माका म्हायत नाय. चाळीस वर्सां पाट मी काढतंय."

कंपनीच्या वकिलाने आमचंच संमतीपत्र पुढे केलं आणि दुसऱ्या पानावरची ओळ वाचून दाखवली. मयत हिस्सेदारास कोणीही वारस नसून, कुटुंबाच्या वतीने मी संमती देत आहे आणि चाचणीमुळे होणाऱ्या परिणामांबाबत माझी हरकत नाही. खाली माझी सही. मास्तराची, वळणदार.

"ही सही तुमची?" साहेबांनी मला विचारलं.

"माझीच."

काकीला प्रमाण मराठी सगळी कळायची नाही असं मी समजत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाटली परत पिशवीत घातली. आधी वारस नोंद करून घ्या, मग नव्याने अर्ज करा, असं सांगून साहेबांनी पुढचं प्रकरण घेतलं.

परतीच्या गाडीत कणकवलीजवळ काकी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी खंयच नाय होतंय?"

माझं चुकलं, एवढं म्हणायला मला पुढे दोन दिवस लागले. ती म्हणाली, "तू मुद्दाम नाय केलंस," आणि भाकरी थापत राहिली.

पुढे वारस नोंद झाली. फेरफाराला आठ महिने लागले. नव्याने अर्जही केला, पण झर बोअरमुळेच आटली याला पुरावा काय, या प्रश्नाशी तो अडला. कंपनीला हवं तसं खनिज सापडलं नाही, ती गेली. काही भोकं बुजवली, काहींत लोखंडी पाइप तसेच राहिले. पावसाळ्यात झर वाहते, मार्गशीर्षात थांबते. काकी आता पावसाळी भात तेवढं करते. मालवणला राहायला ये म्हटलं, तर नको म्हणाली.

गेल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी बरोबर गेलो होतो. नर्सने संमतीचा फॉर्म आणला. मी सवयीने खिशातून चष्मा काढून हात पुढे केला. काकीने फॉर्म माझ्या हातात येऊ दिला नाही. नर्सला म्हणाली, "बाय, तूच वाच. सगळा वाच, सावकाश."

नर्सने वाचलं. काकीने पुन्हा वाचायला सांगितलं. दोन्ही वेळा मी तिच्या शेजारी, हातात उघडा चष्मा धरून उभा होतो. मग तिने विचारलं सही कुठे करायची ते, आणि एकेक अक्षर जोडत आपलं पूर्ण नाव लिहिलं.