कोंडूने यंत्राची दृष्ट काढली

आमच्या कोंडूचा हात लागला की चालतं यंत्र बंद पडतं, असं आटगावपासून पार मुरबाडपर्यंत सगळे म्हणतात. मी त्याची सख्खी काकी. मीपण म्हणते, पण मायेनं म्हणते.

खरं तर कारागीर म्हणून पोरगा चांगला. शहापूरला आयटीआय केलं. जनरेटर, पाण्याची मोटर, भाताची मळणी करायचं यंत्र, काहीही उघडतो आणि नीट करतो. खोड एकच. नीट झालेलं यंत्र त्याला बघवत नाय. "काकी, आवाज थोडा जड येतोय गो," म्हणत पुन्हा उघडतो, आणि मग ते कायमचं गप्प होतं.

हा डाग त्याला लागला तो त्याच्या लग्नात. नवरीचं, म्हणजे रुपाचं, माहेर मुरबाडकडे. संध्याकाळचा मुहूर्त, मांडव भरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि मांडवामागचा जनरेटर आपला सुखानं धडधडतोय. नवरदेवाला त्या धडधडीत काहीतरी खोट दिसली. मुंडावळ्या कानामागं सारल्या, "आलोच," म्हणाला आणि अंतरपाटाखालून गेला. जनरेटर बंद. दिवे बंद. भटजींचा भोंगा बंद. शेवटी मोबाइलच्या उजेडात लग्न लागलं. निम्म्या अक्षता भटजींवर पडल्या नि उरलेल्या आईसक्रीमवाल्यावर.

त्याची सासू सकुबाई मोठी फटकळ बाई. म्हणाली, "जावई सोन्यासारखा आहे. फक्त माझ्या मिक्सरला शिवायचं नाय." त्या दिवसापासून कोंडू सासरी गेला की सकुबाई आधी मिक्सरवर जुनं लुगडं टाकते आणि मग त्याला पाणी विचारते. तेरा कोसांवरून आलेला जावई त्या झाकलेल्या मिक्सरकडे बघत चहा पितो. हसून घालवायचा, पण आतून लागायचं त्याला. मला म्हणायचा, "काकी, एक यंत्र तरी माझ्या हाताखाली वर्षभर चाललेलं त्या बाईला दाखवीन."

मग ती जाहिरात आली. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, बर्फात, आपल्या देशाचं एक ठाणं आहे म्हणे. तिथं जनरेटर सांभाळायला माणूस हवा होता. कोंडूने अर्ज केला, परीक्षा दिली, बर्फात राहायचं शिक्षण घेतलं आणि त्याची निवड झाली. गावानं शाल दिली. सकुबाई निरोपाला आली ती बोलायचं ते बोललीच.

"जावईबापू, तिथले दिवे सांभाळा."

"आई, तिथं दोन महिने सूर्यच उगवत नाय. अंधारच असतो."

"मग बरं. घालवलेत तरी कळायचं नाय कोणाला."

मी त्याच्या सामानात मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्यांची पुडी बांधून दिली. म्हटलं, एवढ्या लांब चाललाय, सगळ्यांच्या तोंडी नाव झालंय, दर अमावास्येला दृष्ट काढ. पण स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाय, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तो समुद्रात पोचला होता. पुडी तशीच राहिली.

तिथं त्याचं बरं चाललं. जनरेटर चालू, दिवे चालू. फोन लागायचा तेव्हा चेहरा दिसायचा, दाढीवाला, अस्वलासारखा. ठाण्यावर पल्लवी मॅडम म्हणून एक शास्त्रज्ञ मुलगी होती, नाशिककडची. ठाण्यापासून थोडं लांब तिची एक खोपटी, आणि खोपटीत ओझोन मोजायचं यंत्र. तिथली वीज आणि ऊब सांभाळायचं काम कोंडूकडे.

ओझोन मला ठाऊक होता. नातीच्या पुस्तकात आहे, आभाळात त्याची छत्री आहे आणि छत्रीला भोक आहे. मी विचारलं, "त्या भोकाला ठिगळ लावायला गेलास की काय रे?"

"नाय गो काकी. ती छत्री लांब वर. मॅडम मोजतात तो खालचा ओझोन, जमिनीलगतचा, आपल्या नाकाजवळचा. तो थोडासाच असतो. यंत्रावर आकडा दिसतो."

त्या आकड्याचं कोंडूला वेड लागलं. तुळशीला पाणी घालावं तसा रोज सकाळी जाऊन तो बघून यायचा. यंत्र उघडायची बंदी होती, म्हणून ते चालत राहिलं. हे मी म्हणते, तो म्हणत नाय.

इकडे श्रावण सरत आला होता. तिकडे अंधार संपून सूर्य परत आला होता आणि उजेड रोज वाढत होता. एका दुपारी ठाण्याचे मुख्य साहेब खोपटीत आले आणि यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "वा! वर्षभरात एकदाही बंद पडलं नाही!"

कोंडूला ते खटकलं. असं तोंडावर कोणी म्हणतं का? आमच्याकडे गाय चांगलं दूध देते असं शेजारणीनं म्हटलं तर आमी तिच्यासमोरच गाईला शिव्या घालतो. साहेबांना कोण सांगणार? संध्याकाळी कोंडूने ट्रंक उघडली आणि माझी पुडी काढली.

खोपटीत कोणी नव्हतं. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन त्यानं यंत्रावरून सात वेळा उतरवलं. "आल्यागेल्याची, साहेबाची, मॅडमची, पेंग्विनची," सगळ्यांची नावं घेतली. तिथं चूल नाय, म्हणून बाहेर जाऊन डब्याच्या झाकणात ते ठेवलं आणि नळ्या तापवायच्या बत्तीनं जाळलं. आता तुमाला ठाऊक आहे, मिरच्या जळताना ठसका लागला तर नजर नव्हती, आणि वास आलाच नाय तर नजर जबर. कोंडूला काहीच वास आला नाय. त्या थंडीत त्याचं नाक आदल्या आठवड्यापासून लाकूड झालं होतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाय. तो म्हणाला, "बाप रे, केवढी नजर!" आणि समाधानानं झोपायला गेला.

सकाळी आकडा शून्य.

पल्लवी मॅडमनं नळी बदलली, गाळणी बदलली, वायरी तपासल्या. शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य.  कोंडूने मला फोन लावला तेव्हा त्याचा आवाज रडका.

"काकी, यंत्र मेलं. माझ्या हातानं मेलं."

"उघडलंस?"

"शपथ नाय उघडलं. तुझ्या पुडीनं दृष्ट काढली."

मी म्हटलं, "माझ्या पुडीनं आजवर एक म्हैस मेली नाय, यंत्र कशाला मरतंय? मॅडमला सांगून टाक."

"सांगितलं तर धूर लागला म्हणून लिहितील. माझं नाव लिहितील. रुपाची आई ते लुगडं आता मिक्सरवरून उचलायची नाय, काकी. मला बघितलं की घरातला फ्रिज नि टीव्हीपण झाकतील."

"एवढी लुगडी तिच्याकडे नायत. तू सांग. ती पोर बिचारी वायरी उसवत बसलीय आणि तू भात गिळतोस?"

हे त्याला लागलं. तसाच उठला आणि मॅडमपुढे जाऊन सगळं बोलला. साहेब काय म्हणाले, मुठीत काय होतं, धूर कुठं केला. पल्लवी मॅडमनं हातातली वायर खाली ठेवली. मग विचारलं, "पेंग्विनचं नाव का घेतलं?"

"रोज बघून जातात ना, मॅडम."

ती तोंडावर हात ठेवून वळली. कोंडूला वाटलं रडतेय. हसत होती. मग गंभीर होऊन म्हणाली, "कोंडूदादा, धुरानं आकडा पडला असेल तर मला हे दोन दिवस खोडून टाकावे लागतील, आणि कशामुळं ते लिहावं लागेल. आधी बघू."

तिनं यंत्राला आपल्या हातानं मोजूनमापून ओझोन दिला. यंत्रानं दिला तेवढा बरोबर दाखवला. म्हणजे यंत्र जिवंत. हवेतच काही नव्हतं. मग तिनं वारा कुठून येत होता ते काढलं. वारा समुद्राकडून खोपटीवर, आणि कोंडूचा धूर खोपटीच्या पलीकडे, आतल्या बर्फाकडे गेलेला.

"आणि दादा, तुमच्या तीन मिरच्या दोन दिवस पुरल्या का?"

मग तिनं त्याला समजावलं, आणि त्यानं मला. तिथला समुद्र गोठतो. त्या बर्फावर समुद्राचंच मीठ असतं. अंधार संपून ऊन आलं की त्या मिठातून ब्रोमिन नावाचं काहीतरी सुटतं आणि जमिनीलगतचा ओझोन खाऊन टाकतं. तासा-दोन तासांत आकडा शून्यावर येतो. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना, तिकडच्या वसंतात असं होतं, आणि ते सापडावं म्हणूनच ती मुलगी एवढी थंडी खात बसली होती. शून्य एवढं नेमकं आलं की तिचाच विश्वास बसेना.

"म्हणजे मिठानंच झालं?" कोंडू घाबरून म्हणाला.

"मिठानंच. पण तुमच्या नाही, समुद्राच्या."

"मग यंत्र परत चालेल?"

"चालतंच आहे. वारा फिरून आतल्या बर्फाकडून आला की हवा बदलेल आणि आकडा आपोआप चढेल. मात्र तोवर कोणी हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच."

आता आली का पंचाईत! कोंडू खोपटीत स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. जेवायला उठायचा, जनरेटर बघायचा, परत येऊन हातांवर बसायचा. म्हणाला, "काकी, उघडायला बोटं नुसती वळवळत होती गो." जन्मात पहिल्यांदा तो यंत्रासमोर काही न करता बसला. पुढल्या दिवशी दुपारी वारा फिरला. आकडा हलला. एक, तीन, आठ, मग भराभर वर. पल्लवी मॅडम ओरडली. कोंडूने टाळ्या वाजवायला हात काढले, तर ते मुंग्या येऊन लाकूड झालेले.

परत आला तेव्हा मॅडमनं त्या आकड्यांची रेघ छापून दिली होती. चालत आलेली, मग एकदम खाली, सपाट, मग पुन्हा वर. रुपाने ती चौकट करून भिंतीला लावली. येणारा प्रत्येक जण ती बघतो आणि हळूच विचारतो, "कोंडूला अटॅक कधी आला होता?"

रुपाला घेऊन सासरी गेला तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. मिक्सर झाकलेलाच होता. कोंडूने सकुबाईला सगळं सांगितलं, मिरच्यांसकट, पेंग्विनसकट, काही लपवलं नाय. सकुबाई ऐकत राहिली. मग विचारलं, "वर्षभर चाललं ते यंत्र?"

"चाललं, आई."

"आणि तुमी उघडलं नाय?"

"हातांवर बसलो होतो."

सकुबाई उठली आणि मिक्सरवरचं लुगडं काढलं. म्हणाली, "पात्याजवळ अडकतंय. बघा जरा."

कोंडूने बघितलं. एक स्क्रू आवळला. बटण दाबलं, तर नारळाची चटणी अशी झाली की काय सांगू. सकुबाईनं त्याच्या वाटीत दुसऱ्यांदा वाढलं, त्यातच आलं सगळं.

मिक्सर फिरत होता. कोंडूने मान तिरकी केली. मी ओळखलं. त्याच्या तोंडावर आलंच होतं की आवाज थोडा जड येतोय.

"कोंडू," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच दोन्ही हात मांडीखाली घातले. पुढली चटणी त्याला रुपाने भरवली.