दप्तराबाहेरचं लग्न

या धर्मग्रामात धर्मगुरू म्हणून आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की वडीगोद्रीच्या पुढच्या वस्तीतले एक काका ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उठून बाहेर जातात.

हायवे सोडून तीन किलोमीटर आत गेलं की त्या वस्तीत आमचं पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. दर रविवारी दुपारी चारला मी तिथे मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, करतो. वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर बसतात. काका दाराजवळ, सतरंजीच्या अगदी कडेला. साठी ओलांडलेला उंच माणूस, आवाज खडा. गाणी त्यांच्यामुळेच सुरात राहायची. शास्त्रपाठाच्या वेळी डोळे मिटून ऐकायचे. पण लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभे राहिले की काका हळूच चपला घालून बाहेर जायचे आणि रांग संपली की परत येऊन बसायचे.

मला आधी वाटलं, वय झालंय, साखरेचा त्रास असेल. चौथ्या रविवारी मी तिथे एरवी प्रार्थना चालवणाऱ्या प्रचारक मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, त्यांचं पहिल्यापासून तसंच आहे. एवढंच बोलून ते सतरंजी गुंडाळायला लागले. त्यांना आणखी काही सांगायचं नव्हतं.

मीही लगेच मागे लागलो नाही. या भागात नवीन होतो आणि दिवस भरगच्च असायचे. सकाळी साडेसहाची मिस्सा, तिला मठातल्या सिस्टर आणि चार-पाच बायका. नाश्ता होईस्तोवर दारात कुणी ना कुणी उभं असतं. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला दवाखान्यात सोबत, कुणाला सासरी गेलेल्या मुलीशी माझ्या तोंडून बोलायचं असतं. मग मोटारसायकल. सोमवारी मंठ्याकडे, तिथे आमची चार घरं. गुरुवारी जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या झारखंडच्या पोरांसाठी हिंदीतून मिस्सा. ती पोरं पाळी संपवून थेट येतात, केसांत लोखंडाची धूळ असते, आणि प्रवचन लांबलं तर बसल्या जागी झोपतात. त्यांना उठवायला जिवावर येतं.

काकांशी बोलणं झालं ते पावसाळ्यानंतर, एका रविवारी. मिस्सा संपल्यावर माझी गाडी चालू होईना आणि ते मदतीला आले. प्लग पुसता पुसता मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं.

तरुणपणी ते जालन्यात रोलिंग मिलमध्ये होते. लालभडक सळई चिमट्यात धरून पुढे ढकलायचं काम. दिवाळीला गावी आले तेव्हा त्यांच्या वडिलांच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या. त्या मेंढपाळाची मुलगी त्यांना आवडली, तिलाही ते आवडले. दोन्ही घरं फारशी खळखळ न करता तयार झाली. त्या वेळचे फादर म्हणाले, मुलीने आधी बाप्तिस्मा घ्यावा, मग चर्चमध्ये लग्न लावू. मुलगी म्हणाली, नवरा करते पण माझा देव सोडणार नाही. काकांनी तिला गळ घातली नाही. तिच्या गावी मांडव पडला, अक्षता पडल्या, लग्न झालं. चर्चच्या दप्तरात मात्र ते कधीच चढलं नाही. चर्चच्या नियमाने काका लग्नाशिवाय राहणारे ठरले आणि त्यांचा ख्रिस्तप्रसाद बंद झाला.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं की. पण नियम हाय न. म्हणून काय मी देवळात यायचं सोडलं न्हाई."

"आणि मावशींना," मी त्यांच्या बायकोबद्दल विचारलं, "माहीत आहे, तुम्ही बाहेर का जाता ते?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिला कायला सांगायचं? तिला वाटंल, तिच्यापायी झालं."

मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा उत्साहही आला. आपल्या हाताने काहीतरी सुधारेल असं दिसलं की धर्मगुरूच्या अंगात एक घाई शिरते. मी त्यांना सांगितलं की आता तसं राहिलेलं नाही. मावशींनी बाप्तिस्मा घ्यायची गरज नाही. बिशपांची परवानगी आणू, दोन साक्षीदारांसमोर छोटासा विधी करू, दहा मिनिटांचं काम. काकांनी प्लग बसवून किक मारून पाहिली. मग म्हणाले, तिला विचारावं लागेल. मी म्हणालो, मीच विचारतो.

पुढच्या मंगळवारी मी फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो.

मावशी ओट्यावर तूर निवडत होत्या. कपाळावर मोठं गोंदण, पदर डोक्यावर. मूलबाळ नसलेलं ते घर. शेळ्या मात्र सात-आठ, आणि त्यांच्याशी मावशी माणसासारख्या बोलायच्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा केला. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या देवाला कुणी हात लावणार नाही, फक्त एक छोटा विधी आहे, दोन प्रश्न आहेत. आणि फॉर्म उघडून त्यातला प्रश्न वाचला: या पुरुषाला पती म्हणून स्वीकारायला तुम्ही राजीखुशीने तयार आहात का?

मावशींनी सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"इतके वर्सं म्या ह्यांच्यासाठी भाकर केली. मिलमधी हात भाजले तवा महिनाभर माझ्या हातानं खाऊ घातलं. आन आता तुमी मला इचारून राह्यले, ह्यो नवरा कबूल हाय का म्हणून?"

मी सांगायला लागलो की चर्चच्या पुस्तकात नोंद नसल्यामुळे...

"ते मला एकदा सांगून झालंय," त्या म्हणाल्या. "ह्याच वट्ट्यावर बसून."

त्या उठल्या, शेळ्या सोडल्या आणि बांधाच्या वाटेने निघून गेल्या.

काकांनी सूप उचलून आत ठेवलं. मग त्यांनी राहिलेली गोष्ट सांगितली. लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल झालं नाही तेव्हा त्यांचे थोरले भाऊ आणि त्या वेळचे प्रचारक घरी आले होते. मावशींच्या देखत भाऊ म्हणाले, चर्चच्या हिशेबात तुझं लग्नच झालेलं नाही, तू अजून मोकळा आहेस, आपल्यातली एखादी मुलगी बघू. मावशी चुलीपुढे होत्या, सगळं ऐकत होत्या. काका भावाला म्हणाले, चहा घ्या आणि जा. त्यानंतर दोघं भाऊ कधी नीट बोलले नाहीत. ते भाऊही आता राहिले नाहीत.

मी परत निघालो तेव्हा मला माझीच लाज वाटत होती. जे दुखणं मला ठाऊक नव्हतं, त्यावर मी नेमकं बोट ठेवलं होतं. तेही हसऱ्या चेहऱ्याने, हातात पेन घेऊन. हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी मी नेहमी थांबतो. तो मला फादरसाब म्हणतो, हवा बघतो, घरच्या उर्दूत चार गोष्टी सांगतो. त्या दिवशी तो म्हणाला, "तबियत ठीक नै दिखती." मी म्हणालो, एका बाईंना दुखावून आलोय. त्याने दोन्ही चाकांत हवा भरून दिली.

दोन आठवड्यांनी संभाजीनगरला आम्हा धर्मगुरूंची महिन्याची बैठक होती. सेमिनरीत, धर्मगुरूंच्या विद्यालयात, मला चर्चचा कायदा शिकवणारे फादर निवृत्त होऊन तिथेच राहतात. डोळ्यांनी फार कमी दिसतं, पण दुपारी व्हरांड्यात बसून प्रत्येकाची चौकशी करतात. मी त्यांना सगळं सांगितलं.

"लग्न लागलं तेव्हा दोघांचं मन होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"आज आहे?"

"आहे. ती बाई तर त्यासाठीच भांडली माझ्याशी."

"मग तिला परत कशाला विचारतोस? तिने तुला उत्तर दिलंय."

आणि त्यांनी मला विसरलेल्या धड्याची आठवण करून दिली. असं लग्न मुळापासून दुरुस्त करण्याची तरतूद चर्चच्या कायद्यात आहे. दोघांनी पूर्वी दिलेली संमती खरी होती आणि अजून टिकून आहे, असं बिशपांना पटलं तर ते तीच संमती ग्राह्य धरतात. नवा विधी लागत नाही, नवे शब्द लागत नाहीत. मांडवात झालं तेच लग्न. मी हे शिकलो होतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण ओट्यावर बसलो होतो तेव्हा मला फक्त फॉर्म आठवला होता.

मी काकांना भेटून हे सांगितलं. अर्जावर त्यांची सही हवी होती. मावशींच्या सहीवाचून काम भागलं असतं, पण त्यांच्यापासून लपवून मला काही करायचं नव्हतं, आणि तसं मी म्हणालो. काका हातावरच्या भाजल्याच्या जुन्या डागांवरून अंगठा फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग मीच सांगतो तिला. सगळंच सांगतो."

त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आठवड्याने काकांचा फोन आला की अर्ज पाठवा. अर्ज इंग्रजीत होता, पण कारणाच्या जागी मी मावशींचं भाकरीचं वाक्य मराठीतच लिहिलं, त्या बोलल्या तसं. त्याचं भाषांतर मला जमलं नसतं.

बिशपांचं पत्र आलं तेव्हा कापसाची दुसरी वेचणी चालू होती. मी गेलो तर काका बाजाराला गेले होते आणि मावशी कमरेला ओटी बांधून रानात होत्या. मी बांधावर उभा राहिलो. आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमाला काय ठाव व्हतं," आणि वेचत राहिल्या. मग पत्राचा मजकूर मी साध्या शब्दांत सांगितला. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी तवा मांडवात झालं, तेच धरलं?"

"तेच."

"मला काय बोलायचं न्हाई आता?"

"काही नाही."

"आन माझा देव?"

"तुमचा देव तुमच्या घरात. त्याबद्दल यात एक अक्षर नाही."

त्यांनी दोन बोंडं आणखी वेचली. "मंग हे आधीच का न्हाई सांगितलं कुणी?"

 आम्हाला उशीर झाला, एवढंच मी म्हणालो. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग त्या आपणहून बोलल्या. वस्तीतल्या बायका त्यांना सांगायच्या की तुझा नवरा प्रार्थना सोडून मधेच बाहेर जातो. "मला वाटायचं, बिडी वढाया जातेत. तीस वर्सं म्या त्यांना बिडीवरून बोलून राह्यले. एकदाबी म्हणले न्हाईत की न्हाई वढत म्हणून." असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

त्या रविवारी मावशी प्रार्थनाघरात आल्या, पहिल्यांदाच. बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसल्या आणि सगळीकडे नीट बघून घेतलं. वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, माझा झगा. मास्तरांच्या बायकोने त्यांच्याजवळ सरकून कधी उभं राहायचं ते कानात सांगायला सुरुवात केली. मावशींनी हाताने थांबवलं. त्या बसूनच राहिल्या.

काकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तशी दोन-तीन माणसांनी सवयीने त्यांना दाराकडे जायला वाट करून दिली. काका रांगेत शेवटी उभे राहिले. गाणं पडलं, कारण सांभाळणारा आवाजच रांगेत होता. ते माझ्यासमोर आले, तळहात एकावर एक ठेवून पुढे केले. मी म्हणालो, "ख्रिस्ताचं शरीर." यावर आमेन, म्हणजे 'होय, तसंच आहे', असं म्हणायचं असतं. काकांना ते आठवेना.  मी थांबलो.

"हाव," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातावर ख्रिस्तप्रसाद ठेवला.

मिस्सा संपल्यावर मास्तरांच्या घरी पोहे होते. मावशी थांबल्या नाहीत. शेळ्या बांधून आले, जल्दी गेलं पाहिजे, आणि तुमची प्रार्थना लई लांब असती, असं मला सांगून त्या निघाल्या. काका त्यांच्यामागे गेले.

परत आल्यावर मी लग्नांचं जाड पुस्तक काढलं आणि नोंद केली. तारखेच्या रकान्यात काय लिहायचं, हे मी आधीच दोघांना विचारून ठेवलं होतं. दिवस काकांना आठवत नव्हता. मावशींना पंचांगातली तिथी आठवत होती, मांडवात वारं सुटून दिवे विझले होते तेही आठवत होतं. त्यावरून मी जुनी तारीख काढली आणि तीच लिहिली. शेजारच्या रकान्यात बिशपांच्या पत्राचा क्रमांक टाकला.

काका आता दर रविवारी रांगेत असतात. मावशी नाताळला येतात, एरवी नाही. मी मंगळवारी त्या बाजूला गेलो की त्यांच्या ओट्यावर बसतो. त्या शेळ्यांच्या तक्रारी सांगतात, मी माझ्या गुडघ्याच्या.

त्यानंतर मी बाकीच्या गावांतही डोळे उघडे ठेवले आणि अशी आणखी दोन घरं सापडली. एकाचा अर्ज गेला आहे. दुसरं घर मंठ्याचं. तिथे मी चार वेळा जाऊन नुसता बसून आलोय, कागद नेलेले नाहीत. त्या घरातल्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण परवा गेलो तेव्हा त्यांनी मला बसायला सावलीत बाज टाकली.