पाचवं इंजिन

रॉकेलचा वास आला की मला ती दुपार आठवते, कारण परदेशातून लेक आली की तिच्या जाकिटाला विमानाच्या इंधनाचा तसाच वास असतो. चार जुन्या इंजिनांच्या मोठ्या विमानाला पाचवं, नवं इंजिन लावायचं, ते हवेत मुद्दाम बंद करायचं आणि पुन्हा सुरू होतं का ते आत बसून पाहायचं, हे तिचं काम. त्या दुपारी बावड्याच्या घरी ओट्यावर बसून मी मोबाइलच्या नकाशावर तिचं विमान बघत होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका गायब झाला. "चार चालू असत्यात, एक बंद पडलं तरी काय होत न्हाय," मी बायकोला म्हणालो. "मंग त्यो मोबाइल खाली का ठेवत न्हाय?" असं म्हणून तिनं तिथंच नरसिंहाला पाच नारळांचा नवस केला, इंजिनामागं एक. सदतीस मिनिटांनी फोन आला. "पप्पा, उतरलो. नवं सुरूच झालं नाही, चारांवर आलो." त्या रविवारी नरसिंहपूरला मी सहा नारळ घेतले. "सहावा कुणाचा?" बायकोनं विचारलं. "पाची इंजिनांना दिलंस, मंग पोरीला काय?" लेक आजही त्याच विमानात बसते, आणि नारळवाली मला बघितलं की न विचारता सहा मोजते.