जिन्याच्या वळणावरची खुर्ची

विजेचे मीटर वाचत इमारती पालथ्या घालणाऱ्या त्या माणसाला सगळे खुर्चीमामा म्हणत. कोण घर बदलतंय, कोणाच्या जिन्याखाली टेबल धूळ खात पडलंय, सगळं त्याला ठाऊक. मालकाला विचारून तो ते उचलायचा आणि नव्याने संसार मांडणाऱ्या कुणाच्या तरी घरी पोचवायचा. खुर्ची असली तर त्याची एक रीत होती. आधी बसायचं, अंग मागे टाकायचं, डोळे मिटायचे. कुरकुरली नाही, तरच घ्यायची.

लेकीने स्वतंत्र खोली घेतली तेव्हा मात्र त्याच्या जिवाला घोर लागला. पोर दिवसभर औषधांच्या दुकानात उभी, आणि घरी टेकायला पत्र्याची ट्रंक.

"बाबा, गावाला खुर्च्या वाटता आणि मी ट्रंकेवर," ती चिडवायची.

"तुझ्यासाठी कसलीही उचलून नाही आणणार."

एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर त्याला हवी तशी दिसली. सागवानी, रुंद हातांची. तो बसला, डोळे मिटले. कुरकूर नाही. शेजारची दोन्ही दारं ठोठावली, कुणी उघडलं नाही. लेकीचे सुजलेले पाय डोळ्यांसमोर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने न विचारता खुर्ची खांद्यावर घेतली.

लेक ऐसपैस बसली. मग तिचा हात गादीवरून फिरता फिरता थांबला.

"बाबा, ही गादी नुकतीच धुतलीय. पायांना नवी रबरं आहेत. टाकून दिलेल्या खुर्चीचे एवढे लाड कोण करतं?"

मामाने तिला उठवलं आणि खुर्ची पुन्हा खांद्यावर घेतली.

दोघं खुर्ची घेऊन परत गेली. वळणावर, पायरीवरच, चौथ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन धापा टाकत बसल्या होत्या.

"आणलीत होय? मी म्हटलं, आता आपलं खाली उतरणंच बंद."

त्या खुर्चीत टेकल्या, दम खाल्ला आणि मग सावकाश, मनसोक्त रागावल्या. मामा मान खाली घालून उभा. शेवटी म्हणाल्या, "एवढे हिंडता, तर तिसऱ्या मजल्यासाठीही एखादी बघा. तिथेही थांबावं लागतं मला."

पुढच्या आठवड्यात मामाला वेताची छान खुर्ची मिळाली, मालकाला रीतसर विचारून. ती त्याने थेट लेकीच्या खोलीत आणली.

"बस बघू."

ती बसली. पाय लांब केले, डोळे मिटले. बराच वेळ उठलीच नाही. मग उठली आणि ओढणी कमरेला खोचली.

"चला, तुम्ही पुढून धरा. तिसऱ्या मजल्यावर न्यायचीय."

"आणि तू?"

"माझी ट्रंक कुरकुरत नाही, बाबा."