डावीकडची सतरंजी

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नागपूरला झालं, तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आई मला म्हणाली, "हे वाचतीलच. मले त्याचं भेव नाही. मले शेवटच्या दिवसाचं भेव वाटते." मला वाटलं, ती म्हातारपणाबद्दल बोलतेय. ती न्यायाच्या दिवसाबद्दल बोलत होती. त्या दिवशी देव सगळ्या माणसांना दोन बाजूंना, तारलेल्यांना उजवीकडे आणि बाकीच्यांना डावीकडे, उभं करणार, आणि आपण एकीकडे नि बाबा दुसरीकडे असणार, ही धास्ती तिनं लग्नापासून मनात धरलेली होती. आपण स्वतः उजवीकडेच असू याबद्दल मात्र तिला शंका नव्हती. आई तशी आत्मविश्वासाची बाई.

ती ख्रिस्ती, नर्स होती. बाबा बौद्ध घरातले, विजेच्या खांबांवर चढणारे लाइनमन. लाखनीत दोघांची गाठ पडली, लग्न झालं, दोन्हीकडचे लोक रुसून बसले आणि माझा जन्म झाल्यावर एकेक करून बाळ बघायला आले. आमच्या घरात बुद्धवंदनाही झाली आणि प्रार्थनाही झाली. भांडणं झाली ती भाजीतल्या मिठावरून. बाबा देव मानत नाहीत. तरी दर रविवारी आईला स्कूटरवर बसवून प्रार्थनाघरापर्यंत नेतात आणि ती बाहेर येईपर्यंत कडुलिंबाखाली पेपर वाचत बसतात. कुणी आत बोलावलं तर म्हणतात, "इथंच बरं हाये. हवा हाये." इतक्या वर्षांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता आणि आईनंही कधी आग्रह केला नव्हता. आग्रह केला आणि ते नाही म्हणाले तर काय, हे तिला ऐकायचं नसावं.

गेल्या नाताळात आईनं प्रार्थनाघरातल्या मुलांकडून मेंढरं आणि बकऱ्यांचा दृष्टांत बसवायला घेतला. राजा मेंढपाळासारखा कळप वेगळा करतो, मेंढरं उजवीकडे, बकऱ्या डावीकडे. उजवीकडच्यांना सांगतो, मी उपाशी होतो तेव्हा तुम्ही मला जेवू घातलं. ते चकित होतात, म्हणतात, आम्ही कधी? डावीकडच्यांनी कुणालाच घातलेलं नसतं, त्यांना तो दूर, कायमच्या आगीत पाठवतो. मी तेव्हा सुट्टीवर आले होते, म्हणून सतरंज्या अंथरायचं काम माझ्याकडे होतं. एक उजवीकडे, एक डावीकडे.

आईनं पात्रं वाटली ती आपल्या नर्सच्या शिस्तीनं. आमच्याकडे मेंढ्या कुणी पाळत नाही. धान कापून झालं की बाहेरगावचे धनगर रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, कळप बसवतात, मुलांनी मेंढी पाहिली असेल तर तेवढीच. बकरी मात्र घरोघरी. तेव्हा आई म्हणाली, "ज्यायच्या घरी बकऱ्या हायेत, ते बकऱ्या होतील. त्यायले जमते." मुलं खूश झाली. जो तो आपल्या बकरीचा आवाज काढून दाखवायला लागला, आणि उजवीकडची मेंढरं बिचारी मख्ख बसून राहिली. मग आईनं पुढचं वाचलं. बकऱ्यांनी कुठं जायचं, ते.

सगळ्यांत लहान मुलगी आधी रडली. "आमच्या बकरीनं काय केलं?" असं तिनं विचारलं. एक रडली म्हणून दुसरा रडला आणि बघता बघता डावीकडच्या सतरंजीवर रडारड सुरू झाली. तो आवाज कडुलिंबापर्यंत गेला असणार. बाबा दारात आले. त्यांनी चपला काढल्या, पेपर खिशात कोंबला आणि सरळ जाऊन त्या पोरीशेजारी मांडी घातली. "मीबी बकरी," ते म्हणाले, आणि इतकं वाईट ओरडले की मुलं हसायला लागली.

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नाताळाची गंमत तिला दिसतच नव्हती. तिला दिसत होते ते डावीकडे बसलेले बाबा.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं विचारलंच. "तुमी तिकडे कायले बसले?"

"पोट्टे रडून राहिले होते."

"पन तिकडंच काहून?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "मंग? रडनारे तिकडंच होते ना."

तव्यावरची पोळी करपली तरी आई तिच्याकडे बघत उभी राहिली. मी गॅस बंद केला.

नाताळच्या संध्याकाळी प्रार्थनाघर भरलं. आबाजी, म्हणजे आमचे बाबा, आले नाहीत तर आम्ही बकऱ्या होणार नाही, असं मुलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून डावीकडे बसले होते. राजाचं बोलणं आई वाचत होती. उजवीकडच्यांचं तिनं छान वाचलं. मग तिनं पान उलटलं आणि थांबली. लोकांना वाटलं, चष्मा सापडत नसेल. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. ती मंचावरून उतरून माझ्यापाशी आली, कागद माझ्या हातात दिले, "तू वाच" म्हणाली, आणि मंडळीतल्या जुन्या जाणत्यांच्या देखत डावीकडच्या सतरंजीवर बाबांजवळ जाऊन बसली. पदर नीट केला. लहान मुलगी दोघांच्या मधे आली.

मी बरीच वर्षं प्रार्थनाघरात काही वाचलं नव्हतं. पुढच्या ओळीतले एक वडीलधारे गृहस्थ आईकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "वाच, बेटा."

बाबांनी आईला हळूच विचारलं, "तू इकडे काहून?"

"चूप बसा," आई म्हणाली. "आपला न्याय होऊन राहिला."

आपला, असं ती म्हणाली. समोर लोक होते आणि वाचणं भाग होतं. तालमीत ठरलं होतं, राजाचं 'दूर जा' हे वाक्य झालं की डावीकडच्यांनी उठून दाराबाहेर जायचं. मी माझ्या आईवडिलांना, आणि त्यांच्या मधल्या त्या शेंबड्या पोरीला, दूर जायला सांगितलं. कोणी उठलं नाही.