चाळिसावा भुंगा

चहा घ्या आधी. ही फजिती मी इतक्यांदा सांगितली आहे की आता माझं मलाच हसू येत नाही. पण तुम्ही विचारलंत ना, एवढं शिकून मी क्लासमध्ये शिकवत का नाही? मग ऐका.

भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती आणि लातुरात घरांपेक्षा क्लासच जास्त उभे राहत होते. तशाच एका पत्र्याच्या क्लासात मी पेपर तपासायचो. एम.एस्सी. झूलॉजी, आणि काम काय, तर बरोबरच्या खुणा करायच्या. शेवटी क्लासच्या मोठ्या सरांच्या हात धुऊन मागे लागलो.

"एक लेक्चर देऊन दाखवा," ते वैतागून म्हणाले. "पोरांना आवडलं तर झूलॉजीची बॅच तुमची."

मला अक्कल असती तर बेडूक घेतला असता. मी भुंगे घेतले. का? तर प्राण्यांच्या जाती मोजायला बसलं की दर चौथी-पाचवी जात भुंग्याचीच निघते, हे पोरांना डोळ्यांनी दाखवायची हौस. रेणापूरला माझी सासुरवाडी. तिथं शेणात हात घालून शेणकिडे काढले, विहिरीतून पाणभुंगे काढले, बांधावरून काजवे आणले. हो, काजवाही भुंगाच, आणि तांदळातला सोंडकिडासुद्धा. मेहुणा गावभर सांगत सुटला, "दाजी किडे येचायलेत."

एकोणचाळीस झाले. वाळवले, साडीच्या रिकाम्या खोक्यात टाचण्यांवर बसवले, मिशा आणि पाय बघून एकेकाचं कूळ लावलं, खाली चिठ्ठी लावली. चाळिसावा आपल्या पायांनी आला. खोक्याच्या काठावरून मोहरीहून जरासा मोठा, ठिपक्यांचा भुंगा चालला होता. बोट लावलं, तर पाय पोटाशी घेऊन उलटा पडला.

"मेला की ओ," बायको म्हणाली.

"बरं झालं, चाळीस पुरे झाले," म्हणत मी तो डिंकावर चिकटवला. त्याचं कूळ काही लागेना, मीही दमलो होतो. लिहिलं, 'ओळख पटली नाही'. डांबरगोळ्या टाकणार होतो, पण एकाच खोलीत संसार, वासानं पोरगी खोकायला लागली. मग नुसती चिकटपट्टी मारून खोकं घट्ट बंद केलं.

पुढे सरांनी तारीख ढकलायला सुरुवात केली. आधी टेस्ट सिरीज, मग बोर्ड, मग त्यांच्या मेहुणीचं लग्न. पाच महिने खोकं कपाटावर.

अखेर दिवस उगवला. समोर दीडशे पोरं, मागे मोठे सर. वरचे पंख म्हणजे ढाल, खालचे उडायला, असं पंधरा मिनिटं बोललो. पोरं चक्क लिहून घेत होती. "आता ही विविधता प्रत्यक्ष बघा," म्हणालो आणि पट्टी ओढली.

आत टाचण्या होत्या. एकोणचाळीस टाचण्या, त्यांच्या पायाशी भुसा, आणि भुशात मजेत फिरणाऱ्या केसाळ अळ्या. चाळिसाव्याच्या जागी डिंकाचा डाग. मेल्याचं सोंग घेतलेली ती मादी होती. डिंक वाळायच्या आत उठून तिनं अंडी घातली होती. वाळलेले किडे खाणारा हा भुंगा म्हणजे संग्रहालयांचा वैरी. एम.एस्सी.ला त्याच्यावर मी टीप लिहिली होती.

पहिल्या बाकावरची धर्माबादची मुलगी वाकून बघत होती. "सर, हे कोणतं कूळ हाय?"

आता मला झटकन ओळखू आलं. सांगितलं.

"मग इथं तर ओळख पटली न्हाई म्हणून लिवलंय."

मोठे सर पुढे आले. खोक्यावर वाकून एकेक चिठ्ठी वाचली. मला वाटलं, संपलं आपलं.

"चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?"

"मीच."

"अक्षर लई सुंदर हाय तुमचं. सोमवारपासून नोट्स लिहायला बसा. शिकवायला मी दुसरं कुणी बघतो."

तेव्हापासून लिहितोय. बॅच कधी मिळाली नाही, मागायचाही कंटाळा आला. फक्त भुंग्यांचं पान आलं की माझा हात आखडतो. दोन ओळींत आटपतो आणि खाली चौकट आखून लिहितो, 'परीक्षेला येत नाही'.

गेल्या वर्षी नेमकं तेच आलं.