उणे सहाच्या डॉक्टरताई

जगात कुठलीही वस्तू पूर्ण बंद होत नाही, यावर आमच्या डॉक्टरताईंची जितकी श्रद्धा होती तितकी लोकांची देवावरही नसते. बाटलीचं बूच, सायकलची ट्यूब, न्हाणीघरातला नळ, विभागप्रमुखांच्या खोलीचं दार, सगळं कुठून ना कुठून थोडं उघडं असतंच, आणि ते कुठून हे शोधायलाच आपण जन्माला आलो, असं त्या मानत. मावसबहिणीच्या लग्नात तिकडे वरमाला पडत होत्या आणि या मांडवामागे आचाऱ्याच्या भल्या मोठ्या कुकरपुढे उकिडव्या बसून झाकणाच्या कडेने वाफ कुठे निसटते ते पाहत होत्या. आचारी कळवळून म्हणाला, "बिटिया, भूख लगी है क्या?" ताई म्हणाल्या, "नहीं भैया, गॅसकेट बदलो." त्याने बदललं नाही. वरण कच्चं राहिलं, आणि त्या लग्नाची ताईंना राहिलेली आठवण एवढीच. नवरदेव कसा दिसतो, हे त्यांना अजूनही सांगता येणार नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, पण धातू कातायचा लेथ हाताला लागला. एका कारखान्याची मशीन बसवायला ग्वाल्हेरला आलो, वर्षभरात तो कारखानाच बंद पडला, आणि तिथल्याच हजीरा वस्तीत भाड्याच्या खोलीत बायको-पोरीला घेऊन आता काय, अशा विचारात बसलो. विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये काम विचारायला गेलो तेव्हा डॉक्टरताई स्वतःच लेथवर एक नळी लावत होत्या, आणि उलटी लावत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तसं न्हवं." त्यांनी मशीन बंद केली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मिस्त्री, तुम्ही दक्षिणेकडचे? आमचे पूर्वज पण तिकडूनच आले, दरबारात पूजा सांगायला. पण आमच्या घरात असं 'न्हवं' कोणीच नाही म्हणत. परत म्हणा तर सही." मी परत म्हटलं. त्या तशाच विभागप्रमुखांकडे गेल्या, आणि मला लेथवर घेतल्याशिवाय तिथून हलल्या नाहीत. माझा करार दर मार्चअखेर नवा होतो. दर फेब्रुवारीत माझं जेवण कमी होतं, ते का, हे बायकोला सांगावं लागत नाही.

ताई पोस्टडॉक होत्या. म्हणजे काय, हे कळायला मला वर्ष गेलं. माणूस शिकून शिकून डॉक्टर होतो, तरी पक्की जागा मिळत नाही. तोवर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीवर संशोधन करत राहायचं. विद्यार्थी नाही आणि प्राध्यापकही नाही. ग्रंथालयाच्या रजिस्टरमध्ये विद्यार्थ्यांचा रकाना वेगळा, शिक्षकांचा वेगळा. ताई मधल्या रेघेवर सही करत. विद्यार्थी विरुद्ध प्राध्यापक असा क्रिकेटचा सामना ठरला तेव्हा दोन्हीकडे त्यांचं नाव नव्हतं, म्हणून त्यांना पंच केलं. पहिल्याच षटकात त्यांनी विभागप्रमुखांना पायचीत दिलं. त्यानंतर आमच्याकडे सामना झालेला नाही. गेटवरचे चौकीदार दोन वर्षं त्यांना गुडघ्याचं दुखणं सांगत होते. ताई शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "बाबूजी, मैं वो वाली डॉक्टर नहीं हूँ, पर गर्म पानी से सेंक लो." शेकून गुडघा बरा झाला, तेव्हापासून तर त्यांच्या डॉक्टरकीवर कोणाला शंकाच उरली नाही.

त्यांच्या साऱ्या संशोधनाचा जीव एका स्टीलच्या पिंपात होता. घागरीपेक्षा जरा मोठं, त्याला ते चेंबर म्हणत. त्यातली सगळी हवा पंपाने बाहेर ओढायची, अगदी कण न कण. शेजारी एक आकडा दाखवणारं यंत्र. हवा दहापट कमी झाली की आकडा एकाने खाली उतरायचा. ताईंना तो उणे सहावर हवा होता. उणे सहा झालं की त्या आत काचेवर कुठल्याशा धातूचा इतका पातळ थर देणार होत्या, की तो आहे हे फक्त त्यांनाच कळणार. पण आकडा उणे तीनवर जो हटून बसला, तो हलेना. महिना गेला, दोन गेले. हळूहळू ही गोष्ट विभागाबाहेर पसरली. चौकीदार सकाळी नमस्काराऐवजी विचारत, "मैडम, माइनस छह हुआ?" चहावाला विचारी, झाडूवाली विचारी. जयेंद्रगंजातल्या घरी ताईंच्या आई, ज्यांनी आधी लग्नाचं आणि मग नोकरीचं विचारणं सोडून दिलं होतं, त्या गणपतीपुढे हात जोडून म्हणत, "बाप्पा, ते काय ते उणे सहा होऊन जाऊ दे."

आता त्या पिंपाचं झाकण मी केलेलं. झाकणात गोल खाच, खाचेत रबराची रिंग, वरून बोल्ट. ज्या बाईंमुळे घरची चूल पेटते त्यांचं पहिलं मोठं काम, म्हणून मी त्यात जीव ओतला. लेथवरून उतरवल्यावर खाचेत टूलच्या बारीक रेघा दिसत होत्या. त्या मला बघवेनात. बांबूच्या कामटीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि तीन दिवस बसून ती खाच आतून बाहेर, बाहेरून आत घासली. आरशासारखी झाली. ताईंनी ती पाहिली आणि पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. "चेहरा दिसतो बघा. अशी फिनिश अख्ख्या लश्कर-ग्वाल्हेरमध्ये नाही मिळणार." गळती शोधताना विद्यार्थ्यांना त्यांची ताकीद असे, "बाकी सगळ्यावर शक करा, मिस्त्रींच्या खाचेवर नाही."

आणि गळती शोधणं म्हणजे काय, ते पाहायलाच हवं होतं. हातात स्पिरिटची सिरिंज घेऊन ताई त्या पिंपाभोवती फिरत. एकेका जोडावर एक थेंब सोडायचा आणि आकड्याकडे पाहायचं. आकडा उसळला की तिथे गळतं. थेंब टाकताना त्या श्वास रोखत आणि आम्हालाही रोखायला लावत. आकडा दर वेळी झाकणापाशीच उसळे. मग दोष रिंगेचा. टोपी बाजारातल्या रबराच्या ठोक दुकानदाराने ताईंच्या हट्टाने अख्खं पोतं रिकामं केलं, शेवटी तो म्हणाला, "मैडम, इससे अच्छी रिंग तो रेलवे भी नहीं लेती." एका रिंगेत केस अडकला होता म्हणून ताई महिनाभर डोक्याला रुमाल बांधून आल्या. रिंगेला त्या अस्सल ग्वाल्हेरी शिव्या देत, आणि मग मराठीत समजूत घालत, "हे बघ, तू फक्त नीट बस. बाकी मी सांभाळून घेते."

सात महिने असे गेल्यावर दिल्लीहून कळलं, की ताईंना पुढची मुदत द्यायची की नाही हे ठरवायला समिती येते आहे, पंधरा दिवसांनी. आकडा उणे तीन. विभागप्रमुख दारातूनच म्हणाले, "दिखाने को कुछ है?" ताई म्हणाल्या, "सर, गळती आहे." ते म्हणाले, "वो तो है ही."

समिती येणार म्हणून सगळीकडे साफसफाई निघाली. भांडारात एक जुनं, बाहेरच्या देशातलं चेंबर पडलं होतं, ते पुसायला माझ्याकडे आलं. जुने लोक सांगत, त्याचा आकडा सरसर उतरायचा. मी त्याचं झाकण उलटं केलं आणि थबकलो. त्या खाचेत चमक नव्हती. टूलच्या गोल रेघा जशाच्या तशा, एकामागे एक, कोणी घासायची तसदीच घेतली नव्हती. मी ताईंचं भिंग आणलं आणि आपलं झाकण पाहिलं. आरशाखाली बारीक ओरखडे होते, सगळे आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत.

मी शेतकऱ्याच्या घरचा. उताराला आडवी नांगरट केली तर प्रत्येक सरी पाणी धरते. उताराच्या दिशेने केली तर प्रत्येक सरी पाण्याला वाट करून देते. त्या जुन्या खाचेतल्या रेघा गोल फिरून आपल्याच जागी परत येत होत्या. हवा त्यात शिरली तरी जाणार कुठे? माझ्या रेघांनी तिला बाहेरून थेट आत यायला हजार रस्ते करून दिले होते, आणि ते मी तीन दिवस बसून, प्रेमाने केले होते. सात महिने ताईंचे गेले ते माझ्या हाताने. मार्च तोंडावर. काही न बोलता खाच गुपचूप पुन्हा मारून ठेवता आली असती, हेही मनात येऊन गेलं. पण बाई अजून रिंगेलाच दोष देत होत्या, आणि ते मला ऐकवेना.

गमछ्यात गुंडाळून झाकण त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "ताई, रिंग चांगली आहे. माझीच चूक." आणि जमेल तसं सांगितलं, नांगरटीसकट. त्यांनी भिंग लावून खाच सगळीकडून पाहिली. मग त्या उठल्या, रिंगांचा डबा उघडला आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "सॉरी हं." हे मला नव्हतं, रिंगांना होतं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिस्त्री, ड्रॉइंग कोणी काढलं होतं?"

"तुम्ही."

"त्यात कुठल्या दिशेने घासायचं, लिहिलं होतं?"

"न्हाई."

"मग चूक ड्रॉइंगची. आणि मी तर त्यात चेहरा बघून राहिली होती, सात महिने. मी डॉक्टर आहे ना? आता कशाला टेन्शन घेऊन राहिले? चला, चमक उतरवा."

विभागप्रमुखांनाही त्यांनी हेच सांगितलं, मी समोर असताना. ते म्हणाले, "ड्रॉइंग ही गलत था तो मिस्त्री क्या करता." त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

खाच पुन्हा मारली. केसभर खोल, एकाच दमात, टूलला नवी धार लावून. पण काम झाल्यावर त्या उघड्या रेघा पाहून माझा हात पॉलिश पेपरकडे आपोआप जायला लागला. ताईंनी ते ओळखलं. वर्कशॉपमधला होता नव्हता तेवढा पॉलिश पेपर गोळा केला, स्टुलावर ठेवला, आणि झाकण बसेपर्यंत त्यावर बसून राहिल्या.

सकाळी दहाला पंप सुरू झाला. उणे तीन अकराच्या आधीच आलं आणि नेहमीसारखं थांबलं. आम्हीही थांबलो. मग आकडा जरा थरथरला आणि खाली निघाला. जेवायला कोणी गेलं नाही. उणे चार झालं तेव्हा विद्यार्थी आले, उणे पाचला चहावाला किटलीसकट आला, झाडूवाली दारात बसली. ताई मात्र सिरिंज घेऊन प्रत्येक जोडावर थेंब टाकत हिंडत होत्या. आकडा कुठेच उसळेना, आणि त्यांचा चेहरा पडत चालला. तीनच्या सुमाराला उणे सहा लागलं. ताई मटकन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, कुठूनच नाही येऊन राहिली हवा. आता मी काय शोधू?"

दारातून डोकावणाऱ्या चौकीदारांनी तेवढंच ऐकलं. ते गेले आणि विभागाची घंटा बडवायला लागले. तीन वर्ग वेळेआधी सुटले, एका परीक्षेतला मुलगा पेपर देऊन निघून गेला, आणि प्राध्यापक मंडळी आग लागली समजून खाली उतरली ती सगळी आमच्या दारात. विभागप्रमुखांनी आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि ताईंसमोर हात पुढे केला. पायचीत दिल्यानंतर पहिल्यांदाच. घरी फोन लावला तर ताईंच्या आईंनी एवढंच विचारलं, "उणेच ना? की अधिक झालं?" आणि शेजारपाजारी पेढे वाटले. घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, मुलीचं लग्न ठरलं. आईंनी कोणाची समजूत काढली नाही.

समिती आली तेव्हाही आकडा उणे सहावरच होता. ताईंनी त्यांना पाऊण तास फक्त जोड दाखवले. मुदत मिळाली, मलाही आणि त्यांनाही. पुढच्या वर्षभरात ताईंनी तो पातळ थर दिला, तो बाहेरच्या मोठ्या लोकांनाही दिसला, आणि पार दक्षिणेला समुद्राकाठच्या एका विद्यापीठात त्यांना पक्की जागा लागली. आता त्या शिक्षकांच्या रकान्यात सही करतात. पहिल्या दिवशी तिथेही रेघेवरच केली म्हणे.

निघायच्या आधी आईंनी आंब्याचं लोणचं घातलं. लोणच्याचं तेल प्रवासात सुटतं आणि कपड्यांना लागतं, हे घर सोडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी स्टीलचा डबा केला. झाकणाला खाच, खाचेत रिंग, रेघा गोल, पॉलिश नाही. स्टेशनवर ताईंनी तो उलटा धरला, हलवला, कागदावर ठेवून पाहिला, आणि गाडी हलेपर्यंत त्यातून काही निघतं का ते बघतच राहिल्या. हात हलवायचा राहून गेला, त्यांचाही आणि माझाही.

दोन महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "मिस्त्री, एक थेंब नाही."

"आणि चव?"

त्या म्हणाल्या, "उघडला नाही अजून."

मला हसू आलं नाही. गावाहून निघताना माझ्या आईने कारळ्याची चटणी दिली होती. शेवटचा चमचाभर मी हजीऱ्याच्या खोलीत कितीतरी दिवस तसाच ठेवला होता, संपू नये म्हणून, आणि शेवटी तिचा वासच उडून गेला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ताईंना सांगितलं. म्हटलं, "उघडा, ताई. मी दुसरा करून पाठवतो. आई दुसरं घालतील."

फोन तिकडे ठेवल्याचा आवाज आला, मग झाकण फिरल्याचा. मी वर्कशॉपच्या दारात उभा, तिकडे समुद्रावरचा वारा वाजत होता.

"मिस्त्री," त्या नाक ओढत म्हणाल्या, "आईला नका सांगू हं. मोहरी जास्त झाली आहे."